व्यक्तिमत्त्वगुण व घटक-विश्लेषण
सहसंबंधांवरून व्यक्तिमत्त्वाचे मूलघटक शोधण्याची सांख्यिकीय पद्धती. ऑलपोर्ट व ओडबर्ट यांच्या शब्दसंकलनाच्या (१९३६) आधारे रेमंड कॅटेल यांनी गुणांची यादी केली व पुढे सोळा घटकांची प्रश्नावली (१९४९) सिद्ध केली. आयसेंक यांनी मात्र प्रथम दोन व नंतर तीनच मिती मानल्या. ट्यूप्स व क्रिस्टल यांना कॅटेलप्रणीत गुणांवरूनच पाच घटक आढळले (१९६१). ही तफावत केवळ गणनेतील नाही. कोणते गुण निवडावयाचे, किती घटक ठेवावयाचे व अक्ष परस्परलंब मानावयाचे की तिरकस, हे संशोधकच ठरवितो. साहजिकच, निवडीत जे नव्हते ते निष्कर्षात येत नाही. वर्णन व वर्गीकरण यांसाठी ही पद्धती मोलाची आहे. तथापि घटकास नाव दिल्याने वर्तनाचे कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रायोगिक पुरावाच आवश्यक ठरतो.