तू की तुम्ही?

इंग्रजांकडे नाताळ आला की भुतांच्या गोष्टी सांगण्याची जुनी चाल आहे. डिकन्सने १८४३ साली नाताळची आपली प्रसिद्ध गोष्ट लिहिली तीही भुतांचीच. आणि पुढे केंब्रिजचे एक विद्वान, एम. आर. जेम्स, नाताळात मित्रांना जमवून स्वतः रचलेल्या पिशाच्चकथा वाचून दाखवीत. आपल्या दिवाळीला असले पाहुणे चालत नाहीत. तरीही या अंकासाठी मी भुताच्या एका कादंबरीवर लिहायला बसले आहे. त्याला कारण गेल्या दिवाळीत करंज्या तळताना आईशी झालेले बोलणे. ते ओघाने येईलच.

कादंबरीचे नाव ‘द लिटल स्ट्रेंजर’. लेखिका सारा वॉटर्स. ती २००९ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अखेरच्या यादीत होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. एवढे जाडजूड इंग्रजी पुस्तक मला शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागते. सावकाश वाचणाराच्या हातून काही निसटत नाही, असा माझा एक समज होता. या पुस्तकाने तो दूर केला.

गोष्ट वॉर्विकशायरमधल्या हण्ड्रेड्स हॉल नावाच्या हवेलीची. निवेदक डॉक्टर फॅरडे. त्याची आई लग्नापूर्वी याच घरात मुले सांभाळणारी मोलकरीण होती. १९१९ साली, म्हणजे तो दहा वर्षांचा असताना, साम्राज्यदिनाच्या समारंभासाठी तो तेथे गेला. स्वयंपाकघराच्या बाजूने त्याला आत शिरायला मिळाले, आणि ते वैभव पाहून त्याला राहवेना. खिशातला चाकू काढून त्याने भिंतीच्या नक्षीतले गिलाव्याचे एक ओकफळ उचकटून घेतले. घरी आईला ते सापडले, तेव्हा तिने ते विस्तवात टाकले. पुढे दुसरे महायुद्ध झाले. सुमारे तीस वर्षांनी हाच मुलगा डॉक्टर होऊन त्या घरी गेला, तो चौदा वर्षांच्या बेटी या मोलकरणीचे पोट दुखते म्हणून. पोट दुखतच नव्हते. तिला त्या घराचे भय वाटत होते.

घराची दशा पाहण्यासारखी आहे. कर्नल एअर्स वारलेले. त्यांची विधवा, युद्धात विमान कोसळून जखमी झालेला मुलगा रॉडरिक आणि कॅरोलाइन ही अविवाहित मुलगी, एवढीच माणसे. छत गळते, भिंतींवरचे कागद सुटून लोंबतात, बहुतेक खोल्यांना कुलपे. मृत्यूनंतर वारसांवर पडणारा कर १८९४ सालापासूनच वाढत होता. युद्धानंतर मजूरपक्षाचे राज्य आले, नोकर मिळेनासे झाले, आणि अशा घरांचा कणा मोडला. १९५५ च्या सुमारास इंग्लंडात दर पाचसहा दिवसांना एक मोठे घर पाडले जात होते असे सांगतात. १९७४ साली लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयाने केवळ नाहीशा झालेल्या हवेल्यांचे प्रदर्शन भरवले होते. या कादंबरीतही बागेची जमीन विकून तेथे सरकारी घरे उभी राहतात. दुःख कुणाचे आणि न्याय कुणाला, असा तो काळ.

मग घटना सुरू होतात. मेजवानीच्या रात्री घरचा गरीब म्हातारा कुत्रा पाहुण्यांच्या मुलीला भयंकर चावतो. रॉडरिकला वाटू लागते की आपल्या खोलीत काहीतरी आहे, आणि ते येथेच अडवून धरले नाही तर आईबहिणीपर्यंत पोचेल. एका रात्री त्याच्या खोलीला आग लागते. भिंतींवर बालबोध अक्षरे उमटतात. बंद पडलेल्या घंटा वाजतात. घटसर्पाने लहानपणीच गेलेली थोरली मुलगी सूझन परत आली आहे, अशी आईची खात्री होते. कुत्र्याला औषध देऊन मारतात, मुलाला वेड्यांच्या इस्पितळात धाडतात, आई गळफास घेते. पो या अमेरिकन लेखकाने १८३९ साली एका कोसळत्या घराची कथा लिहिली, तिच्यातल्या मालकाचे नावही रॉडरिकच होते. वॉटर्सबाईंनी हे नाव सहज योजले असेल असे मला वाटत नाही.

आता कलेची मुख्य गोष्ट. या बहुतेक घटना घडतात तेव्हा डॉक्टर तेथे नसतो. त्याला त्या मागाहून कळतात, आणि तो आपल्याला त्या शांतपणे, व्यवस्थित, शंका काढीत सांगतो. प्रत्येक वेळी त्याच्यापाशी एक शहाणपणाचे कारण असते: मुलाच्या मनावर युद्धाचा ताण, आईला जुने दुःख, पोरीचे अज्ञान. आम्हा शिक्षकांना असा माणूस फार आवडतो. शेवटाकडे आले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की घरातले एकेक माणूस कमी होत जाते तसतसा डॉक्टर एकेक पायरी आत सरकतो. कुत्र्याला मारणारे इंजेक्शन त्याचे, रॉडरिकला धाडण्याच्या सल्ल्यात तो, आणि अखेर कॅरोलाइनचे लग्न ठरते तेही त्याच्याशीच. सीली नावाचा त्याचा एक डॉक्टरमित्र मायर्स या मानसशोधकाचा दाखला देऊन म्हणतो की माणसाच्या मनातली दडपलेली वासना कधी सुटी होऊन हिंडू लागत असेल काय? सीलीचा रोख घरातल्या स्त्रियांकडे असतो. डॉक्टर मान डोलावतो. तोच प्रश्न स्वतःला मात्र विचारीत नाही.

कॅरोलाइन लग्न मोडते. घर विकून देश सोडायचे ठरवते. ज्या दिवशी लग्न व्हायचे, त्याच रात्री ती वरच्या मजल्यावरून खाली संगमरवरी फरशीवर पडून मरते. चौकशीत बेटी सांगते की पडण्यापूर्वी बाईसाहेब एकच शब्द ओरडल्या: ‘यू!’ ओळखीचे कुणीतरी नको तेथे समोर दिसावे तशा स्वरात.

हीच गोष्ट मी आईला सांगत होते. आई झाऱ्यावर करंज्या घेत होती आणि मी कडा कातत होते. या शब्दापाशी येऊन मी थबकले. इंग्रजीत देवाला, पोराला आणि डॉक्टरला एकच ‘यू’. मराठीत काय म्हणू? ‘तू’ म्हटले तर ती मेलेली बहीण ठरते. ‘तुम्ही’ म्हटले तर डॉक्टर. लेखिकेने एवढे पुस्तक खर्चून जे झाकून ठेवले, ते मराठीत एका अक्षरात फुटणार! मला आपल्या भाषेचा अभिमान वाटला आणि लेखिकेची दयाही आली.

आई म्हणाली, “त्यात अडायचं काय? ज्याला जन्मभर अहोजाहो केलं त्यालासुद्धा मरणाच्या भयात माणूस ‘तू’च म्हणेल.”

माझा सगळा शोध पाण्यात गेला. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या वेळी डॉक्टर कुठं होता?”

“दूर. एका रोग्याला पाहून परत येत होता. वाटेत तळ्याकाठी गाडी थांबवून झोपला.”

“लग्न मोडलं त्या रात्री? आणि झोप लागली?”

“लागली. त्याला अर्धवट असं वाटतही होतं की आपण गाडीतून उतरून त्या घराकडे चाललो आहोत.”

आईने झारा कढईच्या काठावर टेकवला. “त्याच्या आईनं ते फळ जाळलं ना? ते उगीच नाही जाळलं.”

माझी आई लग्नाआधी एका वाड्यात पोळ्या लाटायला जात असे. मी शिक्षिका झाल्यावर एका मुलाच्या शाळाप्रवेशासाठी त्याच वाड्यात गेले, तेव्हा मालकीणबाईंनी मला खुर्ची दिली आणि चहा पुढे केला. मी खुर्चीवर बसून पितळी कड्यांच्या झोपाळ्याकडे पाहत राहिले. पुढे तो वाडा विकला गेला, पाडला गेला. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात प्रथम जे आले ते दुःख नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. फॅरडेवर मी इतका विश्वास का टाकला, आणि त्याला मी कुठून ओळखते, हे मला त्या कढईपाशी उमगले.

या कादंबरीचे मोठेपण मला येथेच दिसते. वॉटर्सबाईंनी सांगितले आहे की त्यांच्या मनात जोसेफाइन टे या लेखिकेची १९४८ सालची एक कादंबरी घोळत होती. जुन्या घरात राहणाऱ्या दोन कुलीन स्त्रियांवर एक पोर खोटा आळ घेते, अशी ती गोष्ट. तिच्यात लेखिकेची सारी सहानुभूती घरवाल्यांकडे. वॉटर्सबाईंनी पारडे नुसते उलटे केले असते तर एक साधी सूडकथा झाली असती. त्यांनी एअर्स मंडळींचा ताठाही दाखवला आणि त्यांची असहायताही. मोलकरणीच्या मुलाचा अपमानही दाखवला आणि त्याची हावही. इंग्रजीत घरात येऊ घातलेल्या बाळाला कौतुकाने ‘छोटा पाहुणा’ अशा अर्थाचे म्हणत असत. शीर्षकात तेच शब्द आहेत. दारातून परत पाठवलेले पोर मनात दहाच वर्षांचे राहिले, तर तो पाहुणा कसा होतो, हे या पुस्तकात दिसते.

दोष नाहीत असे नाही. मधला भाग लांबला आहे. डॉक्टरची कारणमीमांसा पुनःपुन्हा येते आणि वाचणारा जांभई देतो. मेजवानीचे नवश्रीमंत पाहुणे ठोकळेबाज आहेत. २०१८ साली लेनी अब्राहमसन यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तो अभिनयाने सुंदर आहे, पण शेवटी वरच्या मजल्यावर तो लहान मुलगा उभा दाखवून त्यांनी उत्तर देऊन टाकले. पुस्तकात ते नाही. तेथे डॉक्टर रिकाम्या हवेलीत एकटा हिंडतो, भूत कुठे दिसेल म्हणून शोधतो, आणि तडकलेल्या काचेत त्याला दिसतो तो स्वतःचाच चेहरा. तरीही तो ओळखत नाही.

उद्या कुणी ही कादंबरी मराठीत आणली, तर त्या एका शब्दापाशी त्याचीही लेखणी अडेल. माझे सांगणे एवढेच, की त्याने बेधडक ‘तू’ लिहावे. आईने म्हटले तसे, त्या ‘तू’मध्ये बहीणही मावेल आणि डॉक्टरही. आणि वाचणाराने आपलेही नाव त्यात एकदा घालून पाहावे.