ग्रेंजरच्या ऊसकाव्यातील पवनचक्की

जेम्स ग्रेंजर या स्कॉटिश वैद्याने कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावर राहून रचलेले ‘द शुगर केन’ हे चार सर्गांचे इंग्रजी काव्य १७६४ साली प्रसिद्ध झाले. व्हर्जिलच्या कृषिकाव्याचा आदर्श पुढे ठेवून उसाची लागवड, त्यावरील संकटे, साखरेचे उत्पादन आणि मळ्यावरील गुलाम हे विषय त्याने अनुक्रमे हाताळले. उंदीर आणि खत हे का काव्याचे विषय, अशी त्याची लंडनमध्ये थट्टा झाली. हा आक्षेप आपण मान्य करण्याचे कारण नाही. ज्यांच्या भाषेत गुऱ्हाळ आणि चिपाड हे शब्द मळ्यातून थेट वाक्प्रचारांत आले, ज्यांच्या चोखोबांनी वाकड्या उसाचाच दृष्टांत घेतला, त्यांना ऊस काव्याला वर्ज्य कसा वाटावा? काव्याचा खरा दोष निराळा असून तो तिसऱ्या सर्गातील पवनचक्कीच्या वर्णनात आढळतो.

हे यंत्र पाथरीकडील वाचकास अगदीच अपरिचित नाही. तीन उभ्या लाटांपैकी मधली फिरते व शेजारच्या दोहोंना फिरविते. एका फटीतून गेलेला ऊस पलीकडचा माणूस दुसऱ्या फटीतून परत घालतो. आपल्या जुन्या चरकाला बैल जुंपीत, तेथे दगडी मनोऱ्यावरची शिडे ते काम करीत. बार्बाडोस बेटावर रिचर्ड लिगन १६४७ ते १६५० या काळात राहिला, तेव्हा चरक मुख्यतः जनावरांवर चालत. अठराव्या शतकात तेथे शेकडो पवनचक्क्या झाल्या, आणि मॉर्गन लुईस येथील चक्की १९४७ पर्यंत ऊस गाळीत होती. गोदाकाठी असे काही रुजले नाही, यास मागासलेपणा म्हणणे उथळपणाचे होईल. तेथील तोड जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चाले व त्याच कोरड्या दिवसांत व्यापारी वारे अखंड वाहत. आपल्याकडे जोराचा वारा आषाढ-श्रावणात, तर गाळप दिवाळीनंतर. त्या वेळी वारा मंद असतो आणि बैल रब्बीच्या पेरणीतून मोकळे झालेले असतात.

बैल हाकेसरशी थांबतो. शिडे मात्र वाऱ्याबाहेर वळवीपर्यंत लाटा फिरतच राहतात, आणि बोट सापडले की हात ओढला जातो. ग्रेंजरला हे ठाऊक आहे. वाऱ्यावर उल्हासाने नाचणाऱ्या, उसासाठी उतावीळ झालेल्या चक्क्यांचे चित्र रंगवितानाच तो बजावतो की लोखंडी लाटांमध्ये बेसावध हात जाऊ देऊ नकोस, जन्मभर पस्तावशील. हा ‘तू’ कोण? काव्यातील उपदेश सर्वत्र मळेवाल्यास आहे. पण लाटांपाशी मळेवाल्याचा हात कधीच नव्हता. पुढे थोट्या गुलामास ‘मुक्ती’ देऊन उपाशी सोडणाऱ्या धन्यांचा कवी मनापासून धिक्कार करतो, हे त्याच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे. तथापि त्या अपंगत्वाची कारणे तो दोनच देतो: स्वतःची बेफिकिरी किंवा दैव. नाचणारी चक्की आणि रात्रपाळीस उभा केलेला थकलेला देह ही कारणे त्याच्या वाक्यात येत नाहीत. वारा फुकट, उल्हास चक्कीचा, चूक गुलामाची, अशी ही वाटणी आहे. याउलट व्हॉल्तेअरच्या ‘कांदीद’मध्ये (१७५९) सुरिनाममधील थोटा गुलाम स्वतः बोलतो, आणि युरोपच्या साखरेची किंमत कोण मोजतो हे दोन वाक्यांत सांगतो.

कर्त्याची ही हुलकावणी ओळखण्यास सेंट किट्सला जावे लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाथरी भागात ऊस वाढला. गळीत हंगामाच्या बातम्यांत कारखाना इतके टन ‘गाळतो’. तो ऊस तोडणाऱ्या कोयत्यासाठी त्या वाक्यात जागा नसते. मराठीत ‘चिपाड होणे’ हे मात्र माणसाबद्दलच बोलले जाते.