‘वीस एक’ की ‘एकवीस’? वाद झाला, अभ्यास राहिला

पेट झाली की सिनॉप्सिससाठी विषय शोधणारे बरेच जण मला विचारतात, “ताई, प्राथमिकच्या गणितावर काही घेऊ का?” घ्या की. पण ‘अमुक उपक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असं ठरलेलं शीर्षक टाकण्याआधी, आपल्याकडे झालेला एक मोठा वाद संशोधकाच्या नजरेनं वाचून बघूया. त्या विषयावर मी स्वतः एकदा तोंडावर आपटले आहे, तेही सांगते.

वाद काय होता?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं. त्यात २१ ते ९९ या संख्यांसाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली होती. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात, असं कारण दिलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जुनी नावं रद्द केलेली नाहीत, दोन्ही चालतील, हेही स्पष्ट केलं होतं. तरी गदारोळ झाला. विधानसभेत विनोद झाले, भाषा बुडाली म्हणून अग्रलेख आले.

दोन्ही बाजूंचं म्हणणं आज वाचताना एक गोष्ट खटकते. सगळे ‘सोपं’ आणि ‘अवघड’ हे शब्द वापरत होते. पण काय अवघड? नाव लक्षात ठेवणं, ऐकून लिहिणं, की संख्या समजणं? हे फार कमी जणांनी वेगळं केलं.

माझी फजिती

मीही केलं नव्हतं. दापोली तालुक्यातल्या एका शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांना मी संख्यांचं श्रुतलेखन दिलं. ‘बावन्न’ला एकानं २५ लिहिले, ‘त्रेसष्ट’ला दुसऱ्यानं ७३, आणि ‘एकोणचाळीस’ला एका मुलीनं ४९. मी सगळ्या चुका एकाच रकान्यात टाकल्या: ‘अंकांची अदलाबदल, स्थानिक किंमतीची समज नाही’. खुशीत वही गाइडपुढे ठेवली. सरांनी एकच विचारलं, “४९ उलटे केले की ३९ होतात का?”

परत शाळेत गेले. त्या मुलीला विचारलं, ४९ का लिहिलेस? ती म्हणाली, “बाई, एकोण म्हणजे शेवटी नऊ. आणि तुम्ही चाळीस म्हणालात ना?” मग तिला काड्या दिल्या. तिनं दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या बरोबर मोजल्या, आणि त्याला ३९ लिहिलंसुद्धा. संख्या तिला कळत होती, अडत होतं ते नावापाशी. आणि मी तिच्या नावापुढे ‘समज नाही’ लिहून मोकळी झाले होते. असा शेरा मुलांना वर्षानुवर्षं चिकटतो, म्हणून ही चूक फक्त माझ्या वहीपुरती नाही.

एका नावात तीन गाठी

मराठी संख्यानामांत तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आहेत.

पहिली, उलटा क्रम. ऐकताना आधी एकक, लिहिताना आधी दशक. ‘बावन्न’चे २५ होतात ते इथं.

दुसरी, बदलती रूपं. पन्नासचं ‘वन्न’ होतं, पण त्रेपन्न-चोपन्नमध्ये ‘पन्न’. सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत गोंधळ होतो तो या गाठीमुळे.

तिसरी, ‘एकोण’. इथं तर नावातच वजाबाकी आहे: चाळीसला एक कमी.

‘तीस नऊ’ म्हटलं की तिन्ही गाठी एकदम सुटतात. म्हणून नव्या पद्धतीनं चुका कमी झाल्या तरी कोणत्या गाठीमुळे त्या होत होत्या, हे कळणार नाही. संशोधनाच्या भाषेत, तीन चलं एकमेकांत मिसळली आहेत.

बाहेरचे अभ्यास इथं किती लागू?

जर्मनमध्येही एकक आधी येतो. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकून संख्या लिहितानाच्या जवळपास निम्म्या चुका या क्रमाशी संबंधित निघाल्या. मला त्याहून आवडतो तो २०११ चा चेक भाषेवरचा अभ्यास. चेकमध्ये दोन्ही प्रकारची नावं चालतात. त्यामुळे त्याच मुलांना दोन्ही प्रकारे संख्या सांगता आल्या, आणि उलट क्रमाच्या नावांत अदलाबदल जास्त दिसली. वेगळी शाळा, वेगळे शिक्षक, वेगळी घरं हा गोंधळच उरला नाही.

पण हे लिटरेचर रिव्ह्यूत टाकून ‘म्हणून मराठीतही’ असं लिहू नका. जर्मनमध्ये दशकाचं रूप जवळपास तसंच राहतं आणि ‘एकोण’सारखा प्रकार नाही. तो अभ्यास आपल्या पहिल्या गाठीबद्दल बोलतो, बाकी दोन्हींबद्दल गप्प आहे. शिवाय तो ऐकून लिहिण्याबद्दल आहे. पुढे गणित सुधारतं का, हा निराळा प्रश्न.

नॉर्वेनं १९५१ मध्ये संख्यानामांचा क्रम अधिकृतपणे बदलला, तोही टेलिफोन नंबर सांगताना होणाऱ्या गोंधळामुळे. तरी जुनी नावं कितीतरी दशकं लोकांच्या तोंडी राहिली. आपल्याकडे हर्णै बंदरावरच्या लिलावात किंवा एसटीत मूल जे आकडे ऐकतं, ते पुस्तकाच्या आवृत्तीबरोबर बदलणार नाहीत. म्हणजे दोन्ही नावं मुलाला लागणारच. मग कोणतं आधी आणि कोणतं कधी, हा खरा प्रश्न उरतो. २०१९ च्या वादात तो मागे पडला.

विरोधकांचा युक्तिवाद

“आम्ही नाही का शिकलो?” हा त्यांचा हुकमी एक्का. दापोलीत तर याला मोठा आधार मिळतो. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, र. पु. परांजपे, याच तालुक्यातल्या मुर्डीचे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे महर्षी कर्वे मुरुडचे. दोघांच्याही लहानपणी ‘वीस एक’ नव्हतं. पण यातून एवढंच सिद्ध होतं की जुनी नावं शिकून गणिती होता येतं. त्या नावांपाशी अडखळून ज्यांनी पाटी ठेवून दिली, त्यांची नावं इतिहासात नाहीत. फक्त टिकलेल्यांचा नमुना घेऊन निष्कर्ष काढणं ही चूक व्हायवाला तुम्हाला नक्की पकडतील.

मोजमापाकडेही बघा

‘असर’च्या चाचणीत ११ ते ९९ मधल्या संख्या दाखवून मुलाला ओळखायला सांगतात. साधी, स्वस्त, उपयोगी चाचणी. पण मराठी मुलासाठी ती थोडी शब्दसंग्रहाचीही चाचणी होते. ज्या भाषेत दशक आधी आणि नाव नियमित, तिथलं मूल त्याच पायरीवर कमी ओझं घेऊन उभं असतं. दोन राज्यांच्या आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

मग करायचं काय?

चेक अभ्यासाचा धडा घ्या. त्याच मुलाला दोन्ही नावांनी श्रुतलेखन द्या. अर्ध्या मुलांना आधी जुनी नावं, अर्ध्यांना आधी नवी. चुकांचे तीन रकाने वेगळे ठेवा, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी चौथा. संख्या समजली का, हे नावाशिवाय तपासा: लिहिलेला अंक दाखवा, काड्यांचे गठ्ठे करायला सांगा.

आणि एक गंमत. ८९ ला आपण ‘एकोणनव्वद’ही म्हणतो आणि ‘नव्याऐंशी’ही. संख्या तीच, एका नावात ‘एकोण’, दुसऱ्यात नाही. तुलना भाषेनंच तयार ठेवली आहे. अर्थात एका संख्येवर प्रबंध उभा राहत नाही, आणि मुलाच्या घरी कोणतं नाव चालतं हे आधी विचारावं लागेल. पण पायलटसाठी सुरुवात छान आहे.

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती घ्या. श्रुतलेखन झाल्यावर लगेच उठू नका, चुकलेल्या प्रत्येक मुलाला ‘हे असं का लिहिलंस?’ विचारा. माझा रकाना त्या एका प्रश्नामुळेच दुरुस्त झाला.