‘फार्स’ व ‘प्रहसन’ : एका नामांतराची चिकित्सा

एकोणिसाव्या शतकांतील मराठी ‘फार्स’ म्हणजे संस्कृत प्रहसनाचाच नवा अवतार होय, असें मत आमच्या नाट्यविषयक लेखनांत वारंवार आढळतें. ज्यांचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला त्यांस हें मत गोड वाटावें हें स्वाभाविक आहे. आम्हांसहि तें पुष्कळ वर्षें गोड वाटत होतें. परंतु कालक्रमाच्या कसोटीस लावतांच तें टिकत नाहीं, असें आतां कबूल करणें प्राप्त आहे.

भरतानें दहा रूपकांत प्रहसनाची गणना केली आहे, हें खरें. पण लक्षण ठाऊक असणें निराळें आणि नमुना हातीं असणें निराळें. महेंद्रवर्म्याचें ‘मत्तविलास’ सातव्या शतकांतलें. तें गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत छापलें सन १९१७ मध्यें. उत्तरकालीन प्रहसनांच्या पोथ्या शास्त्र्यांच्या घरीं असतील. परंतु मुंबईच्या नाटक मंडळ्यांनीं आपल्या खेळास नांव दिलें तें ‘फार्स’, प्रहसन नव्हे. नांव ज्या वाटेनें आलें ती वाट आधीं पाहावी.

ती वाट लंडनहून निघते. विक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या पूर्वार्धांत तेथील नाटकगृहांत एका रात्रीं एकच नाटक सहसा होत नसे. आधीं मोठें नाटक व शेवटीं एकअंकी फार्स, असा सामान्य क्रम असे. नऊच्या सुमारास अर्ध्या दरानें लोकांस आंत घेत. त्या उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय फार्सानें होई. जॉन मॅडिसन मॉर्टन याचें ‘बॉक्स अँड कॉक्स’ (१८४७) हें या जातीचें प्रसिद्ध उदाहरण. एक बाई आपली एकच खोली दोघांस भाड्यानें देते. एक छापखान्यांतला, रात्रीं कामास जाणारा. दुसरा टोप्या करणारा, दिवसां जाणारा. दोघांस एकमेकांचा पत्ता नाहीं. एक दिवस टोपीवाल्यास अचानक सुटी मिळते आणि दोघे समोरासमोर येतात. ही वस्तूहि मूळची फ्रेंच. म्हणजे ज्यास आम्ही इंग्रजी नमुना म्हणतों तोच रूपांतरित आहे.

एक खोली, तीन पात्रें, एक अंक. ज्या छावणींत चार हौशी अंमलदार असतील तेथें हा खेळ उभा राहूं शके. टॉमस हेल्स लेसी या लंडनच्या प्रकाशकानें अशा नाटकांच्या स्वस्त पुस्तिका काढल्या. त्यांत पात्रांचे पोशाख, प्रवेशाची बाजू, सामानाची मांडणी हें सर्व छापलेलें असे. वसाहतींतील हौशी नटांस याहून अधिक काय पाहिजे?

तथापि पुस्तिका म्हणजे प्रयोग नव्हे. कलकत्त्याचें सां सूसी नाटकगृह पार्क स्ट्रीटवर १८४१ सालीं उघडलें. तेथील प्रमुख नटी एस्थर लीच १८४३ च्या नोव्हेंबरांत एका विनोदी नाटकाच्या वेळीं दिव्यावर वस्त्र पेटून भाजली व त्यांतच वारली. हंशाच्या त्या रात्रीं दिवा कोठें ठेविला होता, हें कोणत्याहि छापील संहितेंत सांपडावयाचें नाहीं.

मुंबईकडे वळूं. ग्रीनवरील जुनें नाटकगृह १७७६ चें. कर्जापायीं तें १८३५ मध्यें विकलें गेलें. त्यानंतर जगन्नाथ शंकरशेट यांनीं दिलेल्या जागेवर ग्रांट रोडचें नाटकगृह १८४६ सालीं उघडलें. कोटांतील साहेबांस तें दूर पडे; पण एतद्देशीय वस्तीस तें जवळचें झालें. १८५३ सालीं विष्णुदास भावे यांच्या मंडळीचे खेळ तेथें झाले, आणि त्याच वर्षीं पारशी नाटक मंडळीहि तेथें उभी राहिली. पारशी मंडळ्यांनीं मुख्य खेळाच्या शेवटीं फार्स जोडिला. मराठी मंडळ्यांनींहि पौराणिक आख्यानानंतर फार्स करण्याचा प्रघात पाडिला.

येथेंच आमचा मुख्य मुद्दा आहे. हास्य आमच्याकडे नवें नव्हतें. भावे यांच्या नाटकांत सूत्रधाराबरोबर विदूषक येई. तमाशांत सोंगाड्या होताच. नवें होतें तें स्थान : आख्यान संपल्यावर, देवादिकांवांचून, घरगुती बोलींत, चालू काळाच्या माणसांचा स्वतंत्र छोटा खेळ. हें स्थान कोणत्याहि एका इंग्रजी पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. तें रात्रीच्या कार्यक्रमांतून घेतलेलें आहे. अमुक फार्स कोणत्या इंग्रजी नाटकावरून घेतला, एवढेंच शोधणारे टीकाकार म्हणूनच फसतात. मूळ सांपडलें नाहीं कीं ते संस्कृताकडे धांव घेतात.

या स्थानाचें सामर्थ्य राज्यकर्त्यांनीं आमच्याहून लवकर ओळखलें. डेव्ह कार्सन हा विदेशी खेळवाला कलकत्त्यास बंगाली बाबूची नक्कल करून साहेबांस हंसवी. त्यास कोणी हरकत घेतली नाहीं. अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनीं १८७३ मध्यें साहेबाचें सोंग आणून त्याची परतफेड केली. पुढें युवराजास आपल्या घरच्या स्त्रियांकडून स्वागत करविणाऱ्या एका वकिलावर १८७६ च्या फेब्रुवारींत ग्रेट नॅशनल थिएटरांत ‘गजदानंद ओ युवराज’ हा फार्स झाला. तोहि मुख्य नाटकाच्या जोडीस लावलेला छोटा खेळच. त्याच महिन्याच्या २९ तारखेस लॉर्ड नॉर्थब्रूकनें वटहुकूम काढिला व वर्षअखेर नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. साहेबाचा फार्स ती करमणूक, आणि प्रजेचा फार्स तो अपराध! ‘प्रहसन’ या सोंवळ्या नांवाखालीं ही सर्व कथा झांकली जाते, हा त्या नामांतराचा खरा दोष होय.

आतां संग्राहकांस एक विनंति. इंग्लंडांत परवान्यासाठीं लॉर्ड चेंबरलेनकडे धाडलेल्या नाटकांच्या १८२४ पासूनच्या प्रती ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यापूर्वींच्या कॅलिफोर्नियांत हंटिंग्टन ग्रंथालयांत आहेत. मनाई करणाऱ्यांनींच संग्रह राखिला. आमच्याकडे रात्रीचा क्रम सांगणारें साधन म्हणजे नाटकाची हस्तपत्रिका व वर्तमानपत्रांतील जाहिरात. पोथी सोडवितांना तिच्या वेष्टणाचा छापील कागद केराच्या टोपलींत टाकण्याची संवय पुष्कळांस आहे. तो टाकण्यापूर्वीं एकदां उलटून वाचावा. त्यावर मुख्य नाटकाच्या खालीं बारीक टायपांत ‘शेवटीं फार्स’ एवढे दोन शब्द असले, तरी आतल्या पोथीइतकीच त्याची नोंद करणें अवश्य आहे.