पाने गाळण्याचा हक्क

हाती घेतलेले पुस्तक अखेरच्या पानापर्यंत वाचलेच पाहिजे, अशी शिकवण आपल्या अनेक घरांत मुलांना दिली जाते. ताटात वाढून घेतलेले टाकू नये, तसे उघडलेले पुस्तकही अर्धवट सोडू नये, असा हा संस्कार. याच्या अगदी उलट मत फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली मांडले. स्वतः शाळेत शिकवलेल्या या लेखकाने वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांतला पहिला मुळीच न वाचण्याचा, दुसरा पाने गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अपुरे सोडण्याचा. सक्तीने गोडी लागत नाही, असलेली मात्र नाहीशी होते, हे त्यांचे म्हणणे कोणताही अनुभवी शिक्षक मान्य करील. तेव्हा कंटाळवाणे पुस्तक नुसते चाळण्यात अपराध नाही, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. खरा प्रश्न पुढचा आहे. पुस्तक कंटाळवाणे आहे हे ठरवायचे कशावरून?

आमच्या मते वाचकाचा कंटाळा तीन कारणांनी उद्भवतो. वाचनाची गती चुकते, हे पहिले कारण. ग्रंथाकडून नको ती अपेक्षा केली जाते, हे दुसरे. आणि लेखकापाशी सांगण्यासारखे काहीच नसते, हे तिसरे. तिन्ही ठिकाणी जांभई सारखीच येते, म्हणून आपण तिन्ही ग्रंथांना एकच शिक्षा देतो. घोटाळा होतो तो येथे.

पहिल्या कारणाचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ मिळून त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या मोजक्या ओव्या आपल्या सभासंमेलनांत हमखास ऐकू येतात. उरलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्यांचे काय, असे विचारले तर ग्रंथ फार लांब आहे, मन रमत नाही, असे उत्तर मिळते. परंतु हा ग्रंथ दिवाणखान्यात एकट्याने, डोळ्यांनी भराभर वाचण्यासाठी रचलेला नाही. तो गोव्यातील ख्रिस्ती मंडळींनी एकत्र बसून, रविवारी व सणावारी ऐकावा, म्हणून पुराणाच्या घाटात रचला गेला. सामान्य माणसाला अर्थ उमजावा म्हणून कवीने कोंकणी शब्दही त्यात मिसळले. ज्या श्रोत्याला कथेचा पुढचा भाग आठवड्याने ऐकावयाचा आहे, त्याला पुनरुक्ती हवीच असते. तिच्यामुळे सुटलेला धागा पुन्हा हाती येतो. तीच पुनरुक्ती एका बैठकीत चारशे ओव्या वाचणाऱ्याला भार वाटते. रोज तीस ओव्या मोठ्याने वाचल्या तर संपूर्ण ग्रंथ साधारण वर्षभरात पुरा होतो. शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली, तेव्हा लिपीची अडचणही पुढे करता येत नाही. येथे दोष असलाच तर तो गतीचा आहे, ग्रंथाचा नाही.

दुसऱ्या कारणासाठी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ पाहावे. १८५७ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गौरविले जाते, आणि कादंबरी म्हणून वाचू लागणारा वाचक लवकरच निराश होतो. यमुना व विनायक हे दांपत्य प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुःस्थिती पाहते, आणि त्यावर लांबलचक संवाद चालतात. व्यक्तिचित्रण पुसट आहे. पात्रांच्या मुखातून लेखकच बोलतो, हे मान्यच केले पाहिजे. पण या पुस्तकाचे दुसरे नावच ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे. लेखकाने निरूपणाचे वचन दिले आणि ते पाळले. आपण मात्र त्याच्याकडे मनोरंजन मागतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, त्याच्या दुसऱ्याच वर्षीचे हे पुस्तक आहे, हे ध्यानात घेतले की त्यातील विधवांच्या हकीगती आजही मनाला चटका लावतात. प्रथम वाचनात संवाद चाळून या हकीगतींवर थांबणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. मात्र अशा वाचकाने, वैधव्यानंतर यमुनेने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म व तिचा पुनर्विवाह आकस्मिक वाटतो, अशी तक्रार करू नये. त्या निर्णयाची तयारी त्याने गाळलेल्या पानांतच झालेली असते.

गाळलेल्या पानांत काय दडलेले असते, याचे याहून लहान उदाहरण मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले पान. दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात ही वंशावळ वाचली जाते, आणि नावांची ही रांग केव्हा संपते याची वाट पाहणारे चेहरे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. पित्यांच्या या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी अशा चार स्त्रिया मरियेच्या आधी येतात. त्यांतल्या काही परक्या वंशातल्या, काहींची कहाणी लोकापवादाने डागाळलेली. सुवार्तिकाने त्यांना का वगळले नाही, हा प्रश्न ज्याला पडला त्याला ती यादी पुन्हा कंटाळवाणी वाटणार नाही. ज्याने ती चाळली त्याला प्रश्नच पडत नाही.

राहिले तिसरे कारण. लेखकापाशी सांगण्यासारखे काही नसेल, शब्द केवळ पाने भरण्यासाठी असतील, तर ते पुस्तक निःशंक मिटावे. आयुष्य मोजके आहे आणि चांगले ग्रंथ पुष्कळ आहेत. पण हा निकाल देण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. एक, ग्रंथ कोणासाठी व कशा रीतीने वाचण्यासाठी लिहिला गेला, ते पाहावे. दुसरी, मधलेच एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. तरीही ते निर्जीव वाटले, तर मुलालाही ते बाजूला ठेवण्याची मुभा असावी. का ठेवले, एवढे मात्र त्याला सांगता यावे.

वाचकाला असलेली ही मुभा समीक्षकाला नाही. चाळलेल्या पुस्तकाची निंदा करणे अन्यायाचे आहे, हे सर्वांना पटते. त्याची स्तुती करणेही तितकेच अप्रामाणिकपणाचे आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. प्रकाशन समारंभात प्रस्तावनेच्या आधारावर केलेली भाषणे आणि मलपृष्ठावरून लिहिलेली परीक्षणे लेखकाला क्षणभर सुखावतात, पण त्याला खरा वाचक मिळवून देत नाहीत. ‘ख्रिस्तपुराणा’चे नुकसान त्याला कंटाळवाणे म्हणणाऱ्यांनी फारसे केले नाही. न वाचता त्याचा जयजयकार करणाऱ्यांनी ते अधिक केले आहे. कारण ज्याची इतकी स्तुती झाली तो ग्रंथ कोणीतरी वाचलाच असेल, असे समजून पुढची पिढी निश्चिंत राहते.