स्थानिक नभोवाणी-केंद्रांचे स्वरूपांतर आणि श्रोत्यांचा दुरावा

नभोवाणीचा कार्यक्रम हा उच्चारला जाताच नाहीसा होणारा वाङ्मयप्रकार आहे. ग्रंथ वाचकाची वाट पाहत कपाटात राहू शकतो. नभोवाणीला ती सोय नाही. ठरावीक वेळी, ठरावीक आवाजात, ठरावीक क्रमाने काही ऐकू येईल या भरवशावरच श्रोता यंत्राची कळ फिरवतो. हा भरवसा हेच केंद्राचे खरे भांडवल होय. म्हणून एखादे केंद्र आपल्या कार्यक्रमांचे स्वरूप आमूलाग्र बदलते, तेव्हा ते केवळ गाणी वा भाषणे बदलत नाही. श्रोत्याच्या दिनक्रमाशी जुळलेला एक करार मोडते. अशा वेळी श्रोते कमी झाले, तर ‘लोकरुची घसरली’ किंवा ‘काळ बदलला’ अशी कारणे सांगण्याचा प्रघात आहे. ही मीमांसा कितपत पुरेशी आहे, हे मुंबईच्या उदाहरणावरून तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० साली बुडाली आणि ध्वनिक्षेपण सरकारच्या हाती गेले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निस्सीम निष्ठा होती. चित्रपटसंगीत मात्र त्यांना उथळ व परकीय वळणाचे वाटे. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीने चित्रपटगीतांना कात्री लावली. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकट जाहिरात ठरते, या कारणास्तव ते नाव सांगणेही बंद झाले. निर्मात्यांनी यावर आपली अनुमती काढून घेतली आणि ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

परिणाम सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील सैनिकांसाठी उभारलेला बलाढ्य लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या हाती आला होता. रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाने त्याच्या बळावर भारतीय श्रोता आपलासा केला. १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी मुंबईचे, तिचे ध्वनिमुद्रण मुंबईत आणि तिने वाजविलेली गीतेही बहुतांशी मुंबईतच जन्मलेली. मुद्रित कार्यक्रम विमानाने कोलंबोस जाई आणि तेथून लघुलहरींवरून पुन्हा मुंबईत येई. ट्रॉम्बेसारख्या उपनगराचा या दृष्टीने विचार करावा. १९५४ साली तेथे अणुशक्तीच्या संशोधनकेंद्राची स्थापना झाली; त्याच सुमारास आसपास तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. जुन्या कोळीवाड्याच्या शेजारी नाना प्रांतांतून आलेला नोकरदार व कामगारवर्ग वसू लागला. त्या वस्तीला मुंबईचे केंद्र हाकेच्या अंतरावर होते आणि कोलंबो सुमारे दीड हजार किलोमीटरवर. तरीही करमणुकीपुरते जवळचे केंद्र दूर गेले आणि दूरचे जवळ आले. स्थानिकतेचा निर्णय भूगोल करीत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण शोधावयास नको.

तथापि केसकरांना केवळ अरसिक ठरवून मोकळे होणे न्याय्य होणार नाही. संस्थाने विलीन झाल्यावर गवई-वादकांचा आश्रय तुटला होता. १९५२ साली सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलने यांनी हा आश्रय काही अंशी भरून काढला, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची चूक त्यांनी जे दिले त्यात नव्हती. श्रोत्याविषयी बाळगलेल्या कल्पनेत होती. श्रोता हा विद्यार्थी आहे आणि वर्गाचे दार बंद केले की तो बसून राहील, असे त्यांनी गृहीत धरले. नभोवाणीच्या वर्गाला दार नसते. शिवाय परवाना-शुल्क व सरकारी अनुदान यांवर चालणाऱ्या संस्थेला श्रोता उठून गेल्याची झळही तत्काळ लागत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. श्रोत्यास परिचित तेच द्यावे, असे म्हटले तर नव्या प्रयोगास वावच उरणार नाही. या आक्षेपाचे उत्तर त्याच कालखंडातील मराठी कार्यक्रमांत मिळते. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून त्यावर ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांतून वर्षभरात छप्पन गीते श्रोत्यांपुढे आली. हा प्रयोग सर्वस्वी नवा होता. तो चित्रपटगीत नव्हता आणि रूढ अर्थाने शास्त्रीय गायनही नव्हता. पण कथा घराघरांत ठाऊक होती, शब्द प्रासादिक होते आणि दर आठवड्यास सकाळची ठरलेली वेळ कसोशीने पाळली जात होती. आशय नवा, परंतु भेटीचा नेम जुना, असा हा मेळ होता. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत हेही याच न्यायाने श्रोत्यांच्या कुटुंबातील माणसे बनली. तेव्हा धोरणाच्या ज्या काळात हिंदी गीतांचा श्रोता सिलोनकडे गेला, त्याच काळात मराठी श्रोता आकाशवाणीशी नव्याने जोडला जात होता. अभिरुची घडविता येते. मात्र तिच्यासाठी आधी आमंत्रण लागते, मज्जाव नव्हे.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत आकाशवाणीवर सन्मानाने परतले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही येऊ लागल्या. ‘गीतमाला’ मात्र विविध भारतीवर येण्यास १९८९ साल उजाडले. या दुरुस्तीतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. श्रोता परत मिळविला तो एका अखिल भारतीय सेवेने. गमावला होता त्या स्थानिक केंद्राने नव्हे. केंद्राचे नुकसान त्यामुळे पुरते भरून निघाले नाही.

२००२ साली मुंबईत खाजगी एफ. एम. केंद्रे सुरू झाली. येथे गृहीतक नेमके उलटे होते. पहिल्या टप्प्यातील परवाना-शुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत असे. २००५ च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नातील हिश्श्याची पद्धत आणली. खर्च वाढता आणि उत्पन्न जाहिरातदाराच्या मर्जीवर, अशा स्थितीत बहुतेक केंद्रांनी हिंदी चित्रपटगीतांचाच सुरक्षित मार्ग धरला. ‘विन ९४.६’ काही वर्षांतच बंद पडले. ‘गो ९२.५’ इंग्रजी गीतांसाठी ओळखले जाई. पुढे त्याचे नाव ‘रेडिओ वन’ झाले आणि स्वरूप हिंदीकडे वळले. अशा बदलात अल्प पण निष्ठावंत श्रोतृवर्ग सोडून बहुसंख्यांच्या मागे धावावे लागते. आणि बहुसंख्यांसाठी तेच गीत वाजविणारी केंद्रे आधीच शेजारी असतात. जुना श्रोता दुखावतो, नव्याला आपल्याकडेच येण्याचे कारण उरत नाही.

सारांश, पहिल्या प्रसंगी केंद्राने श्रोत्यास शिष्य मानले, दुसऱ्या प्रसंगी गिऱ्हाइकांच्या संख्येतील एक अंक. दोन्ही भूमिका परस्परविरुद्ध दिसतात, पण ज्याच्याशी बोलायचे त्याला न विचारता त्याच्या वतीने निर्णय घेणे हा दोहोंचा समान दोष आहे. ट्रॉम्बेच्या एकाच वस्तीत कोळी, कारखान्यातील कामगार आणि शास्त्रज्ञ शेजारी राहतात. त्यांच्यासाठी ‘स्थानिक’ कार्यक्रम कोणता, हा प्रश्न दोन्ही व्यवस्थांनी गंभीरपणे विचारला नाही. आपल्या अभ्यासकांनी नभोवाणीचा इतिहास मंत्र्यांच्या व कंपन्यांच्या निर्णयांवरून लिहिण्याऐवजी जुन्या कार्यक्रमपत्रिकांवरून लिहावा. कोणता कार्यक्रम कोणत्या वेळेवरून हलला आणि त्याच्या जागी काय आले, याची केंद्रवार नोंद झाली, तर श्रोता केव्हा व का उठून गेला, हे लोकरुचीच्या मोघम चर्चेपेक्षा अधिक निश्चितपणे सांगता येईल.