बाहुलीचं दुखणं

आजचा विषय भंडाऱ्यात बोलायला काहींना लांबचा वाटेल. अपंग मुलांचं रूप घेऊन बाजारात आलेल्या बाहुल्या. पण खेळण्याकडे आपण समीक्षेच्या नजरेनं फारसं बघतच नाही, म्हणून मुद्दाम हाच घेतला.

सुरुवात 1997 पासून करू. मॅटेल कंपनीनं बार्बीची एक मैत्रीण आणली, बेकी. चाकाच्या खुर्चीत बसलेली. कौतुक झालं, आणि मग मुलींच्या लक्षात आलं की बेकीची खुर्ची बार्बीच्या ड्रीमहाऊसच्या लिफ्टमध्ये मावतच नाही! मैत्रीण आहे, पण घरात येऊ शकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत खरी कलाकृती हीच, आणि ती चुकून झाली. आपल्या किती कचेऱ्यांच्या पायऱ्यांपुढं ही बेकी आजही उभी... म्हणजे बसलेली आहे, बघा. 2019 मध्ये चाकाच्या खुर्चीतली बार्बी आली तेव्हा सोबत रॅम्प दिला होता. बावीस वर्षं लागली.

2023 ची डाउन सिंड्रोम असलेली बार्बी जास्त विचारानं घडवलेली आहे. गोल चेहरा, लहान कान, तळहातावर एकच आडवी रेघ. गळ्यातल्या लोलकावर तीन खुणा आहेत, एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रतींच्या. ही तळहाताची रेघ मला फार आवडते. जिच्या घरात असं मूल आहे, त्या आईलाच ती आधी दिसणार.

पण 2019 च्याच कृत्रिम पायाच्या बार्बीपाशी मी अडतो. पाय छान दिसतो, पण तो उभं राहायचा पाय आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, तो कशासाठी? माणसाला उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी चिखलात उतरता यावं. आपल्याकडं रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरणाऱ्या बाईचा पाय तो. त्या पायाची बाहुली कुणी केली, तर तिला आधी खाली बसता आलं पाहिजे.

आता आपल्या खेळांकडे या. लंगडी, आंधळी कोशिंबीर. मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या अपंगत्व खेळत आलीत की! फक्त डाव संपला की दुसरा पाय खाली टेकतो, डोळ्यांवरचा रुमाल सुटतो. बाहुलीचं तसं नाही, तिचा रुमाल सुटत नाही. आणि गंमत अशी, की आपल्याकडे खंडित मूर्ती देव्हाऱ्यातून जाते. पण हात तुटलेली चिंध्यांची बाहुली पोरीच्या कुशीत तशीच झोपते. लहान मुलीला 'खंडित' हा शब्दच ठाऊक नसतो. विकतच्या या बाहुल्या शिकवायला निघाल्यात ते मोठ्यांना, असं मला कधी कधी वाटतं.

तरी माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. या बाहुल्यांना दिसणारंच अपंगत्व कळतं. खुर्ची, काठी, श्रवणयंत्र. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, आणि त्यात सिकलसेल आहे. आपल्या पूर्व विदर्भाच्या घराघरांत ओळखीचा आजार. आता सिकलसेलची बाहुली करा बघू! चेहऱ्यावर काय दाखवणार? पोरगी सकाळी शाळेत हसतेय, रात्री हाडं ठणकतात म्हणून रडतेय. वर्गात म्हणतात, नाटकं करते. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुखणं खोटं ठरतं.

मला वाटतं, इथं बाहुली बदलून भागायचं नाही, भातुकली बदलावी लागेल. या आजारात भरपूर पाणी प्यावं लागतं, गारठा सोसत नाही, रोजच्या गोळ्या चुकवून चालत नाहीत. तेव्हा बाहुली कुठलीही चालेल, चिंध्यांचीसुद्धा. तिच्या शेजारी एक गोधडी, गोळ्यांची डबी आणि पाण्याचा इवलासा तांब्या. भंडारा पितळेचं गाव, तांब्या घडवणारे हात इथं आहेत. आणि भातुकलीतल्या शाळेत एक बाईही लागतील. बाहुलीनं तासाला चौथ्यांदा पाणी मागितलं, मग लघवीला जाऊ का विचारलं, तर 'जा गं' म्हणणाऱ्या.